पान दोनशे अकरा

‘मी कधी वाचलेल्या पुस्तकाला नवं म्हटलं ना, तर हसू नकोस. उठून ये,’ असं कनीज आपांनी तिला एकोणीस महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, आणि हेमांगी तेव्हा नेमकी हसलीच होती. हसताना टाके ओढले गेले म्हणून ते हसणं तिच्या लक्षात राहिलं, सांगणं राहिलं नाही. बाळंतपणासाठी ती जळगावला माहेरी आलेली, तनू बारा दिवसांची, खोलीत शेपांचा आणि धुरीचा वास कोंडलेला, आणि आपा नशिराबादहून रिक्षा करून आलेल्या. एका हातात स्वतः शिवलेली दोन झबली, दुसऱ्या हातात खुनाचं पुस्तक. ‘बाळंतिणीने असलं काही वाचू नये म्हणतात,’ आई दारातूनच म्हणाली होती. ‘मग तिने काय वाचावं हो, पाळणे?’ असं म्हणून आपा पलंगाच्या कडेला बसल्या, तनूला मांडीवर घेतलं, आणि बोलता बोलता त्यांच्या अम्मीवर आल्या. अम्मी जाऊन दहा वर्षं होत आली होती, पण जाण्याआधीची तीन वर्षं ती रोज दोन ताटं घ्यायची, एक स्वतःचं आणि एक अब्बांचं, आणि अब्बा तर कधीचेच कबरस्तानात. ‘सुरुवात कशी झाली माहीतेय? तीच गोष्ट मला पुन्हा सांगायची, आणि मी म्हणायचे, अम्मी, काल सांगितलीत. मग ती हसायची. मीही हसायचे. हसण्यात वर्ष गेलं. म्हणून सांगते, मी जुन्या पुस्तकाला नवं म्हटलं तर हसू नकोस. उठून ये.’ ‘काहीतरीच आपा! तुमचं डोकं म्हणजे पोलीस ठाण्याचं दप्तर,’ हेमांगी म्हणाली होती, आणि मग ते टाके.

आज बुधवार, दुपारचे साडेबारा. धुळ्यात देवपुरातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ऊन आलेलं, तनू त्या उन्हाच्या चौकोनात बसलेली, आणि तिच्या हातात, सोमवारीच आपांकडून परत आलेल्या, बावीस नंबरच्या पुस्तकाचं खाकी कव्हर. अर्धं कव्हर. उरलेलं अर्धं पुस्तकालाच लटकत होतं. हेमांगी धावली ती आधी कागद तोंडातून काढायला. बोट घालून, गालफडं चाचपून, सगळे तुकडे निघाले ना ते पाहून. मग पुस्तकाकडे पाहिलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आतली बाजू उघडी पडली होती, आणि तिथे, खाकी कागदाच्या दुमडीखाली इतके दिवस झाकलेली, एक जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती. वरती ‘नंबर नऊ’. खाली पहिलंच नाव: क. शेख, पान ३४. अक्षर आपांचं. मराठी शिकवण्यात हयात गेलेल्या बाईचं, वेलांटी न् वेलांटी जागच्या जागी. हेमांगीने फाटक्या दुमडीवरची नवी चिठ्ठी उचलली, तीही तनूच्याच हातात होती, रविवारची. वरती ‘नंबर बावीस’. खाली पहिलंच नाव: क. शेख, पान २११. नवीन आणि फार उत्तम. सगळ्यांनी वाचा. तेच अक्षर. तीच पेन्सिल असेल कदाचित. तिच्या मानेवरून काहीतरी सरकत गेलं, आणि खोटं कशाला बोला, ते भय नव्हतं. ती थरारली होती. पुस्तकातला माणूस शंभर पानं ज्यासाठी फिरतो तो कागद आपल्याला घरबसल्या सापडावा, आणि तोही आपल्या दीड वर्षाच्या पोरीच्या लाळेने भिजलेला!

आता हे चिठ्ठ्यांचं प्रकरण असं, की खानदेशात अकरा जण मिळून खुनाची पुस्तकं वाचत होते. भडगावची पुनम, जी दवाखान्यात परिचारिका होती आणि विषाचा प्रयोग चुकला की लेखकाला फाडून खायची, रावेरचा प्रेमराज, जो केळीसाठी पुठ्ठ्याची खोकी पुरवायचा आणि दर सोमवारी नि बुधवारी पिकअप घेऊन रावेर ते धुळे करायचा, इथलेच भटूनाना, आणखी काही. मंडळाचं नाव नानांनीच ठेवलं होतं, ‘भोपळा मंडळ’. नियम साधे होते. पुस्तक आलं की त्याला खाकी कव्हर घालायचं, म्हणजे मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचून कोणी आधीच शहाणं होणार नाही. पुस्तकाला नाव नाही, नंबर. वाचून झाल्यावर मागच्या चिठ्ठीवर आपलं नाव आणि ज्या पानावर खुनी ओळखला ते पान लिहायचं, कोण ते लिहायचं नाही. लेखकाने सांगेपर्यंत ओळखताच आला नाही, तर भोपळा काढायचा, देठासकट. शेवट कोणीही, कोणालाही, कधीही सांगायचा नाही. प्रेमराज पुस्तकं खोक्यांमध्ये टाकून गावोगाव पोचवायचा, त्यामुळे मंडळाच्या प्रत्येक पुस्तकाला केळीचा गोडसर वास होता आणि निम्म्यांवर चिकाचे ते तपकिरी डाग, जे कशानेही जात नाहीत. नवं पुस्तक सगळ्यात आधी जायचं आपांकडे, मग नोंदीसाठी यादी सांभाळणाऱ्या हेमांगीकडे. तो मान होता. कारण पन्नासाव्या पानापुढे आपा कधी गेल्याच नव्हत्या. ‘पान ४१’, ‘पान २८’, एकदा तर ‘पान ९’, आणि त्यावर मंडळात दोन दिवस भांडण. त्यांच्या नावापुढे भोपळा पाहायला बाकीचे दहाच्या दहा जण टपून बसलेले.

म्हणूनच रविवारी आपांनी ‘पान २११’ असं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा फोन तापून निघाला होता. दोनशे अकरा! कोणतं पुस्तक आहे हे? आपांना फिरवणारा लेखक कोण जन्मला? प्रेमराजने लिहिलं, पुढचा नंबर माझा, कोणी मध्ये यायचं नाही. नानांनी आपल्या अहिराणीत दणकावून दिलं, ‘आपा डोकरी व्हई गई रे भो! बठ्ठासले पेढा मनाकडथून!’ आपा म्हातारी झाली म्हणून सगळ्यांना पेढे, नानांकडून. त्यावर आपांनी हसरा चेहरा पाठवला होता. एकच. आणि हेमांगी, हीच ती हेमांगी, तनूच्या वरणभातात तूप कालवता कालवता एका हाताने लिहिती झाली होती: ‘मंडळींनो, निवड कोणाची आहे ते विसरू नका!’ तिला ते आठवलं आणि कानशिलं गरम झाली. मिरवली होती ती. तीन दिवस मिरवत होती. फक्त पुनमने विचारलं होतं, ‘आपा, विहीर असलेलं आहे का? नऊ नंबरमध्येपण विहीर होती. वहीत बघते थांबा.’ आणि मग पेढ्यांच्या चित्रांखाली ते वाहून गेलं. पुनमची दवाखान्यातली पाळी लागली असेल, वही राहिली असेल. वही! तनूच्या जन्माच्या वेळचे ते चार महिने मंडळाचा सगळा कारभार पुनमकडे होता, यादी तिच्या वहीत, आणि ती वही हेमांगीने कधी मागवलीच नाही. मागच्या महिन्यात माळ्यावरच्या खोक्यात हे पुस्तक निघालं, कव्हर नसलेलं, तिने न वाचलेलं. तिला वाटलं, मागे कधीतरी घेऊन ठेवलेलं नवंच असणार. कडेवर तनू, तनूला ताप, एका हाताने खाकी कागद दुमडला, दुमड मागच्या पुठ्ठ्यावर दाबली, वर नवी चिठ्ठी चिकटवली. एकदा आत पाहिलं असतं तर. तिने, जी रोज दाराची कडी तीनदा पाहते, नळ दोनदा पाहते, पोरीचा श्वास किती वेळा पाहते ते सांगायचीही लाज वाटावी, तिने नेमकं तिथेच पाहिलं नव्हतं.

पण मग लगेच, जणू कोणी कानात सांगितल्यासारखं, दुसरं उत्तर आलं आणि ती जमिनीवरच ताठ बसली. आपांना कळलं असणार! पहिल्याच पानावर कळलं असणार, की हे नऊ नंबर आहे, हेमांगीने घोळ घातलाय. आणि त्यांनी ठरवलं असणार, बघू या, यादी सांभाळणारी बाई कधी पकडते. म्हणून दोनशे अकरा. म्हणून ‘नवीन आणि फार उत्तम’. हे तर अगदी आपांसारखंच! ‘तने,’ ती पोरीला म्हणाली, ‘तने, आपांनी आपली परीक्षा घेतली बघ,’ आणि तनूने टाळ्या वाजवल्या, कारण आई हसली की ती टाळ्या वाजवायची. या उत्तरात सगळं बसत होतं. त्यात आपा हुशार होत्या आणि हेमांगीही हुशार ठरणार होती, आणि कोणालाच उठून कुठे जावं लागणार नव्हतं. तिला जळगावच्या वाचनालयातली ती संध्याकाळ आठवली, कॉलेजचं दुसरं वर्ष, रहस्यकथांचं कपाट, एकाच पुस्तकावर पडलेले दोन हात. पलीकडचा हात जाडसर, बोटावर शिवणाचं अंगुस्तान घालून घालून पडलेला वळ. बुरख्याची जाळी मागे टाकलेली, चष्मा नाकावर घसरलेला. ‘मुली, शेवटचं पान आधी वाचणारी तर नाहीस ना? तसली असशील तर मी सोडत नाही पुस्तक.’ आणि हेमांगी, जी खरोखर शेवटचं पान आधी वाचायची, कारण तिला काय होणार हे कळल्याशिवाय धीरच धरवत नसे, ती म्हणाली होती, ‘छे हो!’ आयुष्यातलं तिचं पहिलं सराईत खोटं. आपांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘वाचतेस. पण आजपासून नाही वाचणार.’ आणि खरंच, त्या दिवसापासून नाही. न कळता बसून राहायचं, तरी पान उलटायचं, हे तिला त्या बाईने शिकवलं होतं. लग्न होऊन धुळ्याला आली तेव्हा तेच कामी आलं. तनू झाल्यावर तर फार. पोर झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून बसायचं आणि दुसऱ्या हातात पुस्तक, ज्यात जे काही वाईट व्हायचंय ते दुसऱ्या कोणाला होतंय, आणि कोणीतरी चोख माणूस त्यावर लक्ष ठेवून आहे. लोकांना वाटतं, खुनाचं वाचून भीती वाढते. तिची तर तेवढा वेळ उतरायची.

तर परीक्षा असेल, तर आपांनी खूण ठेवली असणार. खूण न ठेवता त्या कोणाला फसवत नाहीत, ते त्यांच्या लेखी लबाडीत जमा. हेमांगीने पुस्तक उघडलं. तनूसमोर वाटीत चुरमुरे ठेवले, एकेक, म्हणजे घशात अडकणार नाहीत, आणि ती पान चौतीसवर गेली. गोष्ट एका छोट्या गावच्या डॉक्टरची होती; मळ्यातल्या विहिरीत त्याचा धाकटा भाऊ सापडतो, दुपारची वेळ, आणि घरातले चौघे जण पोलिसांना आपापली दुपार सांगतात. चौतिसाव्या पानावर एक जण म्हणतो, मी तर आत झोपलो होतो, विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकत. त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. हेमांगीने ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मग ते तिला लखकन दिसलं. त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा नव्हतीच! आठव्या पानावर गडी कुरकुरतो, आठवडाभर पाणी भरायला मध्यरात्री उठायला लागतंय म्हणून. मग दुपारी मोटार वाजली कशी? खुनी कोण ते इथेही सांगायचं नाही, नियम म्हणजे नियम. पण हेमांगीला तो कळला, चौतिसाव्या पानावर कळला, आजवर दीडशेच्या आत कधी न आलेल्या हेमांगीला, आणि ती एकटीच गॅलरीत ‘ओहोहो!’ म्हणून ओरडली. शहरातला कोणीही हे वाचून पुढे गेला असता. ज्याने शेतीची लाइट भोगलीय त्यालाच ते खुपणार. काय लेखक आहे! आणि काय बाई आहे, जिने एका ठिपक्यात हे पकडलं! कोणाला तरी सांगावंसं वाटून तिचा हात फोनकडे गेलासुद्धा. तेव्हा तिला ठिपक्याखालचं अक्षर दिसलं. फार बारीक होतं, उन्हाच्या तिरिपीतच दिसेल असं. ‘ही खूण कोणी केली? पुस्तकात खुणा करून दुसऱ्या वाचकांचा आनंद घालवू नये. शिस्त!! – क. शेख.’

चुरमुऱ्यांची वाटी पालथी झाली. तनू एकेक दाणा उचलून फरशीच्या फटीत घालत होती. हेमांगी ते पाहत होती. कोणी स्वतःच्याच ठिपक्याला रागवतं का? परीक्षेतला भाग असेल. असेल ना. तिने पुढची पानं उलटली, आता सावकाश, वाळत घातलेला पापड उचलावा तशी. साठाव्या पानावर समासात: ‘रघुनाथ – डॉक्टर. माधव – भाऊ (मेला).’ ब्याण्णवाव्या पानावर: ‘माधव कोण?’ आणि खाली: ‘भाऊ. मेला.’ एकशे सतराव्या पानावर पुन्हा ते चौघे, एकाखाली एक, नात्यासकट, मुलांना फळ्यावर लिहून द्यावेत तसे. एकशे चाळिसाव्या पानावर नुसतं ‘माधव?’ आणि त्यावर पेन्सिल इतकी दाबलेली की पलीकडच्या पानावर वळ उठलेला. कितीतरी पानांवर हेच. ज्या बाईला बावीस पुस्तकांतले सगळे नोकर-चाकर, कुत्र्यांच्या नावांसकट पाठ, तिने कधी समासात नावं लिहिली नव्हती. आणि दोनशे नवव्या पानावर लेखक स्वतःच सगळं उलगडून सांगत होता, पोलिसाच्या तोंडून, पानभर. म्हणजे दोनशे अकरा हा भोपळाच होता. आपांनाही कळलं असेल का तो भोपळा आहे ते? की दोन पानांनंतर, जे नुकतंच वाचलं त्यावरून, त्यांना खरंच वाटलं असेल की आपण ओळखला? दोनशे अकराव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘वा!’ एवढंच. पेन्सिल हलकी होती. परीक्षा नव्हती ती. ती बाई एकटी, त्या घरात, त्या चार नावांना धरून दोनशे अकरा पानं चालत गेली होती, पडत, उठत, पुन्हा पहिल्या नावापासून, आणि शेवटी पोचल्यावर तिने पहिलं काय केलं असेल तर बाकीच्या दहा जणांना सांगितलं, नवीन आहे, फार उत्तम आहे, सगळ्यांनी वाचा. हेमांगीचे डोळे भरले, आणि तरी तिच्या अंगात ती लहर तशीच होती, शिकारी कुत्र्याची म्हणतात तशी, आणि त्या लहरीची तिला शरम वाटली नाही. कारण आता ती लहरच तिला पुढे ढकलत होती. अजून काय? अजून काय आहे, जे समोर असून आपण पाहिलं नाही?

सकाळचा आवाज. प्रेमराजने कालपासून लकडा लावला होता, की आपा, एवढं काय आहे त्यात, शेवट न सांगता सांगा. तेव्हा आज सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी आपांनी आपला आवाज पाठवला होता, चार मिनिटांचा. हेमांगीने तो तनूला भरवताना ऐकला होता, दोन मिनिटं, मग तनूने घास थुंकला आणि फोन बाजूला पडला. बाकी कोणी तेवढाही ऐकला असेल का, शंकाच होती. मंडळात त्याखाली अंगठे होते, फुलं होती. आता तिने तो कानाला लावला. ‘काय सांगू प्रेमराज, काय पुस्तक आहे रे! पहिल्या पानावर विहीर. आणि मग चौघं जण, प्रत्येकाला वाटतं आपणच खरं बोलतोय. मी तर म्हणते, शाळेत लावा हे, पोरांना कळेल वाक्य कसं वाचायचं.’ खणखणीत आवाज, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, उत्साहाने थोडा धापलेला. ‘नासीर मास्तरांना सांगितलं मी, तुमच्या शाळेत ठेवा. ते म्हणाले, कनीजबाई, खुनाची पुस्तकं?’ हसणं. मग पुन्हा पहिल्या पानावरची विहीर. मग पुन्हा चौघं जण, जवळजवळ त्याच शब्दांत. दोन मिनिटं, चाळीस सेकंद. ‘थांब हं. करपल्याचा वास येतोय. दूध ठेवलं होतं वाटतं.’ खुर्ची सरकली नाही. खुर्ची सरकण्याचा आवाज आलाच नाही. हेमांगीने तो तुकडा तीनदा ऐकला. ‘जाऊ दे,’ आपा म्हणाल्या, अगदी निवांत, घरात माणसं असलेल्या बाईच्या आवाजात, ‘अम्मी बघतील गॅसकडे.’ आणि त्यापुढे सव्वा मिनिट काही नव्हतं. फॅन. लांबून एक कोंबडा. सूं सूं असं काहीतरी, जे आवाज असेल किंवा नसेल. मग बंद.

तिने आपांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मुलगा जुनैद सुरतला, त्याचा नंबर तिच्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत कधी घ्यावासा वाटला नव्हता, आपांना फोन केला की आपाच उचलायच्या. तिसऱ्यांदा लावला, आणि वाजत असतानाच एका हाताने तनूची पिशवी भरायला घेतली. दुपट्टं, बाटली, टोपी, तापाचं औषध. तेवढ्यात नवऱ्याचा, योगेंद्रचा फोन आला, जेवणाच्या सुट्टीतला, रोजचा.

‘मी जळगावला चाललेय. नशिराबादला. आपांकडे,’ ती म्हणाली.

‘आत्ता? काय झालं?’

‘त्यांनी वाचलेल्या पुस्तकाला नवं म्हटलंय.’

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. ‘हेमा.’

‘हसू नकोस.’

‘हसत नाहीये. पण मागच्या महिन्यात तू गॅस एजन्सीच्या माणसाला अर्धा तास जिन्यात उभा केला होतास, त्याच्या डाव्या पायाला चिखल होता म्हणून. त्याआधी पाळणाघराच्या बाई. तुला ना, सगळीकडे मुडदे दिसतात. अगं, बाई सत्तरीची आहे, विसरली असेल. माझी आजी तर मला काकाच्या नावाने हाक मारायची.’

‘तेव्हा तुम्ही काय करायचात?’

‘काय करणार? हसायचो.’

योगेंद्र वाईट माणूस नव्हता, तो खरंच आठवत होता. ‘गॅसवर दूध आहे, योगेंद्र,’ ती म्हणाली. ‘सकाळी दहापासून. आणि त्यांना वाटतंय, त्यांची मेलेली आई बघतेय.’ मग तो म्हणाला, ‘थांब, मी गाडी घेऊन येतो,’ आणि ती म्हणाली, ‘तू यायला अर्धा तास, मला अर्ध्या तासात पारोळा गाठायचंय. तू मागून ये,’ आणि स्वतःच्या आवाजातली ती धार ऐकून तिला नवल वाटलं. गेलं दीड वर्ष हा आवाज कुठे होता? दीड वर्ष ती प्रत्येक कडीला, प्रत्येक नळाला, प्रत्येक अनोळखी चपलेला भीत आली होती, आणि घरातले सगळे म्हणत आले होते, होतं असं पहिलटकरणीला, होईल कमी. आणि आज जे खरोखर भिण्यासारखं होतं, त्याच्यासमोर तिचे हात भराभर चालत होते. पिशवीची चेन नीट लागली. तनूच्या पायात मोजे नीट गेले. पुस्तक तिने पिशवीत सगळ्यात वर ठेवलं, दोन्ही चिठ्ठ्या आत घालून, मग काढून सगळ्यात खाली ठेवलं. आपांना ते दाखवायचं नव्हतं. मंडळातही सांगायचं नव्हतं. फोनवर तेवढ्यात नानांचा निरोप चमकून गेला: पेढा कव्हय वाटना शे, आपा? पेढे कधी वाटायचे, याचीच त्यांना घाई. शेवट सांगायचा नाही हा नियम तिने आपा भेटल्यापासून बारा वर्षं पाळला होता. हा तर शेवटही नव्हता अजून. नसावा.

दाराला कुलूप लावताना तिला प्रेमराज आठवला. बुधवार! आज बुधवार, रावेरहून तो अकराला निघतो, आणि धुळ्याच्या वाटेवर भुसावळनंतर नशिराबाद. तिला वाटलं, आपण ओरडणार आता, जिन्यातच. कडी तिने एकदाच पाहिली. जिना उतरता उतरता, कडेवर तनू, खांद्यावर पिशवी, फोन मान आणि खांद्याच्या बेचक्यात, तिने त्याला लावला. दोन रिंगा. पलीकडे रस्त्याचा वारा.

‘बोला ताई! बावीस नंबर मलेच, सांगून ठेवतो. त्या पुनमले काही बी म्हणू द्या.’

‘प्रेमराजभाऊ, कुठे आहात?’

‘भुसावळ सोडलं आत्ताच. का व?’

‘गाडी बाजूला घ्या आधी.’

वारा थांबला. इंजिन थांबलं. ‘घेतली. काय झालं ताई, तुमचा आवाज असा का येऊन राहिला?’

समोरून रिकामी रिक्षा येत होती. हेमांगीने हात केला, आत बसली, ‘स्टँड, लवकर’ म्हणाली, तनूचं डोकं आपल्या हनुवटीखाली घट्ट धरलं. तिच्या केसांना चुरमुऱ्यांचा वास होता. ‘भाऊ, नशिराबादला आत वळाल? आपांकडे. मी धुळ्याहून निघालेय, पण मला दोन तास लागतील, तुम्हाला दहा मिनिटं. बेल वाजवू नका, कडी वाजवा, जोरात. उघडलं नाही तर शेजारच्या शिलाईच्या दुकानातून कामिनीताईंना बोलवा, त्यांच्याकडे दुसरी किल्ली असते. आत वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, आधी खिडक्या उघडा आणि गॅस बघा. आणि आपा समोर आल्या, अगदी धडधाकट, हसत, तरी तिथून निघू नका. कशाला आलास विचारलं तर म्हणा, हेमांगी येतेय, तोवर बसायला सांगितलंय.’

‘ताई,’ प्रेमराज म्हणाला. मग हळू, ‘त्या दोनशे अकराचंच आहे का हे काही? मले रविवारीच वाटलं व्हतं. पण बठ्ठे हसत व्हते, मग मीबी हसलो.’

‘मीही,’ ती म्हणाली. ‘कोणाला काही सांगू नका. त्यांनी पुस्तकाचं काढलं तर पुन्हा सांगू द्या, पहिल्यापासून, विहिरीपासून. नवं असल्यासारखं ऐका. पण आता निघा, भाऊ. त्या कशा आहेत ते डोळ्यांनी बघा आणि मला सांगा. मी फोन कानालाच धरून बसलेय. गाडी सुरू करा ना.’